बातमीशेजारी करार

परराष्ट्र वार्तांकनाच्या पुरस्काराचं परीक्षण करायला बसलं की अर्धा गठ्ठा तासाभरात बाजूला पडतो. विमानतळावरचं स्वागत, गळाभेट, मेजवानीतले पदार्थ, 'संबंधांना नवी उंची'. देशाचं नाव बदलून तीच बातमी पुढल्या वर्षी चालेल.

उरलेल्या गठ्ठ्याला मात्र दिवस जातात. बातमीशेजारी मी संयुक्त निवेदनाचा मूळ मजकूर ठेवतो, त्याच्या शेजारी आधीच्या भेटीतलं निवेदन, आणि पेन्सिलीने शब्द ताडून बघतो. काय गळलं, काय नव्याने शिरलं? जुलै २००९ मध्ये शर्म अल शेखला पंतप्रधान मनमोहन सिंग आणि पाकिस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान युसुफ रझा गिलानी भेटले. निवेदनात बलुचिस्तानचा उल्लेख आला. दहशतवादावरची कारवाई आणि संवादप्रक्रिया एकमेकींशी जोडू नये, असं वाक्यही आलं. दिल्लीत पुढे गदारोळ झाला तो या दोन ओळींवरून. हस्तांदोलनाच्या फोटोत त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

मोठ्यांच्या दारात सहज प्रवेश असलेल्या वार्ताहराला मी जरा जास्तच तपासतो. याला कारण वॉल्टर ड्युरँटी. मॉस्कोतून स्टालिनपर्यंत पोचलेला हा 'न्यूयॉर्क टाइम्स'चा माणूस. १९३२ चं पुलित्झर त्याला मिळालं. पुढच्याच वर्षी पत्रकार गॅरेथ जोन्स युक्रेनच्या खेड्यांतून पायी फिरला आणि तिथला दुष्काळ त्याने जगाला सांगितला, तेव्हा ड्युरँटीने तो छापून खोडून काढला. पुलित्झर मंडळाने २००३ मध्येही ते पारितोषिक परत घेतलं नाही.

यंदा शेवटी दोन प्रवेशिका उरल्या. एक परराष्ट्रमंत्र्यांची भरघोस मुलाखत. दुसरी पालघरच्या तालुका वार्ताहराची, जेमतेम दोन कॉलमांची: कराचीच्या तुरुंगात शिक्षा संपूनही अडकून पडलेले खलाशी, आणि घरी पोचलेलं त्यांचं शेवटचं पत्र. सहपरीक्षक म्हणाले, "अहो, ही ग्रामीण विभागात टाका ना."

मी भारत-पाकिस्तानमधला २००८ चा करार त्यांच्यापुढे सरकवला. शिक्षा पुरी झाली आणि नागरिकत्वाची खात्री पटली की महिन्याभरात सुटका, असं त्यात लिहिलेलं आहे. त्या पोराने नेमकं हेच कलम हातात धरून घरोघरी तारखा विचारल्या होत्या.

त्यांनी चष्मा पुसला आणि बातमी परत पहिल्या ओळीपासून वाचायला घेतली.