निळी गोळी आठवड्यातून एकदाच का?

पारोळ-भाताणेकडच्या पाड्यांवरची जिल्हा परिषदेची शाळा असो की नालासोपाऱ्यातली अनुदानित, सहावीपासून पुढच्या मुलामुलींना लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा मिळायला हवी, अशी सरकारी योजना आहे. पालक विचारतात, अंगात रक्त कमी आहे तर रोज का देत नाहीत?

उत्तर यकृतात आहे. लोह पोटात गेले की यकृत हेप्सिडिन नावाचे संप्रेरक वाढवते आणि आतड्यातून रक्तात जाणाऱ्या लोहाला आवर घालते. झुरिचच्या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले की ६० मिलिग्रॅम लोह घेतल्यावर हा आवर सुमारे २४ तास टिकतो. दुसऱ्या दिवशीच्या गोळीतले लोह त्यामुळे कमी शोषले जाते. निळ्या गोळीतही ६० मिलिग्रॅमच लोह असते, जोडीला ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल. रक्तक्षय झालेल्या मुलीला डॉक्टर रोजची गोळी देतात, ते वेगळे. शाळेतली गोळी तो होऊ नये म्हणून आहे.

या वयात रक्त आणि स्नायू झपाट्याने वाढतात, मुलींना पाळी येऊ लागते. देशात १५ ते १९ वर्षांच्या ५९ टक्के मुलींत आणि ३१ टक्के मुलांत रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आढळले. मुलांचा आकडा आपण फारच सहज विसरतो.

गोळी खिचडीनंतर, शिक्षकांच्या समोरच घ्यावी. उपाशीपोटी मळमळते, आणि एकीला उलटी झाली की अख्खा वर्ग गोळी नाकारतो. शौच काळी होते, हेही आधीच सांगून टाकावे. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको. लिंबू किंवा आवळा मात्र लोह शोषायला मदत करतो. अनवाणी पायांच्या कातडीतून शिरणारे अंकुशकृमी आतड्यात रक्त पितात, म्हणून जंताची गोळीही चुकवू नये.

पालघरच्या आदिवासी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक आजारही आढळतो. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर मोडतात. लोहाने त्या सुधारत नाहीत. म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या घेऊनही जिचे हिमोग्लोबिन वाढत नाही, तिला शिक्षकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलच्या चाचणीसाठी पाठवावे, आणि चाचणीत दोष निघाला तर तिच्या भावंडांनाही.