स्वमग्न मुलांचे शिकलेले टिकते कसे?

दिल्लीतील एखाद्या उपचारवर्गात जे मूल पेल्याचे चित्र पुढे करून पाणी मागते, तेच मूल त्याच सायंकाळी नोएडातील आपल्या घरी तहान लागली असता केवळ रडते, असा अनुभव अनेक पालकांस येतो. हा हट्ट समजून मुलास रागे भरण्यात येते. परंतु त्याचे कारण निराळे आहे.

स्वमग्नता ही मेंदूच्या विकासातील एक भिन्नता असून तिच्यात संवाद, सामाजिक व्यवहार व संवेदना यांची घडण वेगळी असते. अमेरिकेतील बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यात सारखेपणाचा आग्रह हे लक्षण ठळकपणे नोंदलेले आहे. शिकण्याच्या बाबतीतही असेच काही घडते. विशिष्ट टेबल, ठराविक बाई, त्यांचे नेहमीचे शब्द या साऱ्यांचा मिळून मुलाच्या दृष्टीने एकच धडा झालेला असतो. त्यांपैकी एखादी गोष्ट बदलली की पुष्कळदा तो धडाच त्यास ओळखू येत नाही.

कॅलिफोर्नियातील इव्हार लोव्हास व त्यांचे सहकारी यांनी १९७३ साली २० मुलांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. उपचारानंतर एक ते चार वर्षांनी पाहिले असता, ज्यांच्या आईवडिलांस शिकविण्याची पद्धत समजावून दिली होती त्या मुलांनी मिळविलेले राखले होते. संस्थेत धाडलेली मुले मात्र ते गमावून बसली होती. त्या उपचारातील शिक्षेचा भाग आज त्याज्य ठरला आहे, व ते योग्यच झाले. पालकांविषयीचा निष्कर्ष मात्र अद्याप मोलाचा आहे.

दिल्लीत मेरी बरुआ यांनी १९९१ साली ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापिली. पालक व मूल यांस एकत्र शिकविणारा तीन महिन्यांचा अभ्यासक्रम या संस्थेने चालविला, आणि त्यासाठी दूरच्या प्रांतांतूनही कुटुंबे राजधानीत येऊन राहिली. यातील विचार सरळ आहे: शिक्षक दिल्लीतच राहतो, आई मात्र मुलाबरोबर गावी परत जाते. गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील प्रयोगात (२०१६) तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी पालकांस मार्गदर्शन केले. त्या मुलांचे आपण होऊन संवाद सुरू करणे वाढल्याचे आढळले.

विस्मरणाची तरतूद पहिल्या दिवसापासूनच करावी लागते. समजा, मुलास दुकानातून दूध आणावयास शिकवावयाचे आहे. वर्गातील खोट्या नाण्यांवर थांबून चालत नाही. आज आईबरोबर मदर डेअरीच्या केंद्रावर, उद्या वडिलांबरोबर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, परवा आजोबांबरोबर, असे माणूस, जागा आणि शब्द बदलत न्यावे. प्रथम हात धरून, मग बोटाने खुणावून, पुढे नुसते जवळ उभे राहून मदत कमी करीत जावी. शाबासकीची गोळीही हळूहळू बंद व्हावी, कारण दूध मिळणे हेच त्या कृतीचे खरे फळ होय. ज्या कृतीस जगाकडून असे फळ मिळते ती टिकते. एकदा जमले म्हणून सराव अजिबात सोडू नये. तो विरळ करावा, आधी रोज, मग आठवड्याने, मग महिन्याने.

सर्वच शिकविलेले टिकविण्याच्या योग्यतेचे असते असेही नाही. बळेच डोळ्यांत पाहावयास लावणे किंवा निरुपद्रवी हात हलविणे थांबविणे यांत वर्षे घालविण्यापेक्षा मदत मागणे, ‘नको’ म्हणणे, कपडे घालणे व एकट्याने स्नान करणे यांस अग्रक्रम द्यावा. प्रौढपणी कोण सांभाळील, या पालकांच्या चिंतेशी यांचाच खरा संबंध आहे.

खंड तर पडतोच. हिवाळ्यात हवेच्या प्रदूषणामुळे राजधानी परिसरातील शाळा काही वेळा अनेक दिवस बंद ठेवाव्या लागतात. शिवाय उन्हाळ्याची सुटी, आजारपण, घर बदलणे आहेच. अशा खंडानंतर प्रथम मदत न करता मुलास काय येते ते पाहावे. विसरलेली पायरी तेवढीच पुन्हा शिकवावी. सारा धडा आरंभापासून घेऊ नये. शिक्षक बदलताना मूल कोणत्या शब्दाने वा चित्राने समजते, कोठे व कोणाबरोबर काय करू शकते, हे एका कागदावर लिहून नव्या शिक्षकाच्या हाती द्यावे. त्याची एक प्रत घरीही ठेवावी.