केंद्रकाच्या वेशीवरचे 'रॅन'

मानवी पेशीच्या केंद्रकाभोवतीच्या दुहेरी पटलातील सूक्ष्म छिद्रांतून लहान रेणू आपसूक पार होतात, मोठ्या प्रथिनांना मात्र वाहक प्रथिने लागतात, आणि वाहकाने माल कोठे उचलावा व कोठे उतरवावा हे 'रॅन' नावाचे अवघ्या २१६ अमिनो आम्लांचे प्रथिन ठरवते. केंद्रकात रॅनला जीटीपी हा ऊर्जासंपन्न रेणू जोडलेला असतो, तर बाहेरच्या पेशीद्रव्यात त्याचे विघटन होऊन जीडीपी उरतो. जीटीपीयुक्त रॅन आयात करणाऱ्या वाहकाला माल सोडायला लावते, निर्यात करणाऱ्याला मात्र तोच पकडायला मदत करते. एकाच खुणेतून दोन उलट कामे साधणारी ही योजना विलक्षण काटकसरीचीच म्हणावी लागेल. एक्सपोर्टिन-१ या निर्यातवाहकाला रोखणारे सेलिनेक्सॉर हे औषध अमेरिकेत २०१९ साली मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झाले.