दारांभोवतीची पाणीगळती
दारांभोवतीची पाणीगळती म्हणजे दाराची चौकट, उंबरठा आणि लगतची भिंत यांच्यामधील सांध्यांतून पाणी घरात शिरणे होय. ओल जेथे दिसते तेथूनच पाणी आत आलेले असते असे नाही. त्यामुळे दुरुस्तीपूर्वी गळतीचे मूळ शोधणे आवश्यक ठरते.

कारणे
लाकडी चौकट पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. भिंतीच्या गिलाव्यात तेवढा बदल होत नसल्याने दोहोंमध्ये बारीक फट पडते आणि तीत पाणी केशाकर्षणाने ओढले जाते. आखूड छज्जा, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच नसणे, बाहेरील फरशीचा उतार घराकडे असणे आणि रस्त्याची उंची वाढून उंबरठा सखल होणे हीदेखील प्रमुख कारणे आहेत.

काळ्या मातीचा परिणाम
परभणी जिल्ह्यातील पेडगावसारखी मराठवाड्यातील अनेक गावे काळ्या मातीच्या प्रदेशात आहेत. ही माती भिजल्यावर फुगते व वाळल्यावर भेगाळते. पाया उथळ असल्यास बांधकाम असमान हलते आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यांतून तिरकस तडे जातात. जून ते सप्टेंबर या काळातील मोसमी पावसाचे पाणी त्यांतून झिरपते. असे तडे केवळ सिमेंटने बुजवल्यास मातीच्या पुढील हालचालीत पुन्हा उघडू शकतात.

तपासणी
प्रथम ओलीची वेळ पाहिली जाते. ओल फक्त पावसात येत असल्यास सांधे, तडे किंवा छज्जा तपासतात. वर्षभर टिकत असल्यास भिंतीतील नळ किंवा जमिनीतून चढणारी ओल यांची शक्यता अधिक असते. जमिनीलगत सलग पट्ट्यात ओल व लोणा दिसणे हे चढत्या ओलीचे लक्षण मानतात.

त्यानंतर कोरड्या दिवशी बाहेरून नळीने पाणी सोडून चाचणी घेतात. सुरुवात उंबरठ्यापासून करून चौकटीच्या बाजू, वरचा सांधा व शेवटी छज्जा असा क्रम ठेवतात. आधी वर पाणी सोडल्यास ते खालच्या सर्व सांध्यांवरून वाहते आणि दोष नेमका कोठे आहे हे कळत नाही. दाराजवळ विजेची बटणे असल्यास चाचणीपूर्वी वीजपुरवठा बंद करणे आवश्यक असते.

उपाय
फटी बाहेरील बाजूने लवचीक भरणद्रव्याने बुजवतात आणि फरशीचा उतार बाहेरच्या दिशेने करतात. केवळ आतून रंग किंवा गिलावा दिल्यास पाणी भिंतीत अडकते. परिणामी चौकट कुजते व दारावरील काँक्रीटच्या तुळईतील लोखंड गंजते.