तारेला हात लागण्याआधीची गुणगुण

दिवाळी उलटली, धान कापणीला आलं की आमच्या भागात मंडईचे दिवस सुरू होतात. गावोगाव मंडप पडतात आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं. पवनीजवळच्या अशाच एका गावात मी माझी गिटार पहिल्यांदा मंचाजवळ नेली. किट मागवून, लाकूड घासून, मान बसवून, तारा चढवून ती मी घरीच उभी केली होती. ऑर्गन लागला, तबला मिळवून झाला. मी आवाजाचं बटण वर केलं आणि तारेला हात लागण्याआधीच स्पीकरमधून जाडसर गुणगुण सुरू झाली. मंडपामागे जनरेटर चालू होता. रंगीत दिव्यांचा डिमर माझ्यापासून दोन हातांवर होता. दिवे मंद झाले की गुणगुणीत करकर मिसळायची. पहिला प्रवेश बाप-लेकीच्या ताटातुटीचा होता. त्या शांततेत माझी घरघर नको, म्हणून मी स्पीकरकडे जाणारी तार काढून ठेवली.

घरच्या विजेवरही ही गुणगुण होतीच, पण तिथे तिचा सूर ठरलेला असतो. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते. गुणगुणीत ५०चा सूर असतो आणि त्याच्या दुपटीचा, १००चाही. गिटारच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या पडद्याचा ‘जी’ असतो ९८ हर्ट्झचा. म्हणजे तो स्वर धरला की मागची गुणगुण त्याच्याशी दोनने भांडते, आणि कान देऊन ऐकलं तर सेकंदाला दोन लाटा मोजता येतात. जनरेटरवर भार पडला की हा सूरही खाली घसरतो. त्याच्याशी जुळवून घ्यावं म्हटलं तर तो एका जागी थांबत नाही.

दोष पिकअपमध्ये होता. खरं तर दोष म्हणणंही चूक आहे, कारण एकेरी पिकअप तसाच असतो. चुंबकाभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे घातलेले असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज उमटते. १८३१ साली फॅरेडेने दाखवलेलं तत्त्व ते हेच. पण गिटारची तार कोणती आणि जनरेटर कोणता, हे त्या वेढ्यांना कळत नाही. शेजारून जे बदलतं चुंबकक्षेत्र जाईल, ते सगळं ती गुंडाळी उचलते.

दुसऱ्या दिवशी मी गिटारचे तिन्ही पिकअप खोलून टेबलावर ठेवले आणि दोन-दोन घेऊन त्यांची तोंडं समोरासमोर आणली. तिन्ही एकमेकांना ढकलत होते. म्हणजे तिन्हींचे ध्रुव सारखे होते. चांगल्या संचात मधला पिकअप मुद्दाम उलटा करतात, त्याचा चुंबकही उलटा आणि वेढेही. मग मधला आणि शेजारचा एकत्र लावले की बाहेरची गुणगुण एकात सुलटी आणि दुसऱ्यात उलटी येऊन मिटते. तारेचा आवाज मात्र चुंबक आणि वेढे असा दोनदा उलटल्याने पुन्हा सुलटा होतो आणि बेरजेत जातो. हेच तत्त्व एकाच डबीत दोन गुंडाळ्या बसवून वापरलं की हमबकर होतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी त्याच्या पेटंटसाठी १९५५ साली अर्ज केला आणि १९५९ साली ते मिळालं. मधल्या काळातल्या पिकअपांवर ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशा अर्थाची इंग्रजी चिठ्ठी असे. ते पिकअप आजही त्या चिठ्ठीच्याच नावाने ओळखले जातात.

तेव्हा ब्रिजपाशी, म्हणजे तारा टेकतात त्या खालच्या टोकाशी, हमबकर घ्यायचा हे ठरलं. कोणता घ्यायचा, हे ठरायला मात्र महिना गेला. विकणारे ओहमचा आकडा पुढे करतात आणि जितका मोठा आकडा तितका दणदणीत आवाज, असं सांगतात. मला हे पटत नाही. बारीक तार घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत आकडा फुगतो. शिवाय तांब्याचा रोध तापमानाबरोबर वाढतो. डिसेंबरच्या सकाळी, १५ अंशांना, ७.७ किलोओहम दाखवणारा पिकअप आमच्या मे महिन्यातल्या दुपारी साडेआठच्या आसपास जाईल, आणि त्याने आवाज काही मोठा होणार नाही. आकड्यापेक्षा मी फुटपट्टी जास्त वापरली. माझ्या ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेत ५२ मिलिमीटर अंतर आहे. जुन्या मापाच्या हमबकरच्या कडेच्या दोन चुंबकी खिळ्यांत साधारण ४९-५० मिलिमीटर अंतर असतं, त्यामुळे कडेच्या तारा खिळ्यांवरून सरकलेल्या राहतात. मी रुंद मापाचा घेतला. चुंबक अल्निकोचा, वेढे मध्यम. फार वेढे घातले की वरचे स्वर बोथट होतात, आणि मला ऑर्गनच्या भरीव आवाजातून वाट काढायची होती. गिटार ऑर्गनसारखीच जाड झाली तर दोन्ही वाया.

जुना पिकअप मी उलगडत बसलो होतो तेव्हा शेजारच्या मावशी आल्या. पवनी ही कोष्ट्यांच्या मागांची, रेशीमकाठी कापडाची पेठ. मावशींचं बालपण चरख्यावर कांड्या भरण्यात गेलं. त्यांनी चष्मा वर केला, तार चिमटीत धरली आणि गुंडाळीवर नख फिरवलं. एका जागी नख आत गेलं.

“बापू, इथं ढिली आहे पाहा. तान सारखा नाही. धोट्यात अशी कांडी अडकते.”

त्यांचं बरोबर होतं. ढिला वेढा मोठ्या आवाजात स्वतःच थरथरतो आणि पिकअप किंचाळतो. त्यासाठीच गुंडाळी पातळ केलेल्या मेणात बुडवतात. एक गोष्ट मात्र मावशींना विचित्र वाटली. हाताने पिकअप भरणारे कारागीर तार अगदी शेजारी-शेजारी बसवत नाहीत, थोडी तिरपी-आडवी जाऊ देतात. त्याने वेढ्यांमधली धारिता कमी होते आणि आवाज उघडा राहतो. “मंग तो कापड कसा विणन?” असं त्यांनी विचारलं. ताण सारखा आणि रांग मोकळी, हे त्यांना मी दोरा गुंडाळून दाखवलं, तेव्हा त्यांनी मान हलवली.

नव्या हमबकरला चार रंगांच्या तारा आणि एक उघडी तार होती. रंगांचे अर्थ कंपनीगणिक बदलतात, म्हणून मीटरनेच जोड्या शोधल्या. मग मीटर लावून स्क्रू-ड्रायव्हर एकेका गुंडाळीच्या खिळ्यांना टेकवून झटकन उचलला. आकडा वर उडाला की खाली, ते लिहून ठेवलं. दोन्ही गुंडाळ्या एकाच दिशेने उडतील अशा जोडल्या. उलट्या जोडल्या असत्या तर आवाज हडकुळा आला असता. लाकडातला खळगा सलग होता, त्यामुळे लाकूड कोरावं लागलं नाही, फक्त वरची प्लास्टिकची पट्टी कानशीने वाढवली. आत तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. तो डिमरची करकर बरीच अडवतो, चुंबकी गुणगुण मात्र त्यातूनही जाते. मधल्या जागी उलटा भरलेला एकेरी पिकअप बसवला आणि मानेपाशी किटमधलाच ठेवला, कारण त्याचा गोडवा मला आवडतो. शेवटच्या पडद्यावर तार दाबून उंची लावली. हमबकर दोन मिलिमीटरवर आणि एकेरी थोडे आणखी खाली, नाहीतर त्यांचे चुंबक तारेलाच ओढून बेसूर करतात.

पुढच्या मंडईत जागा तीच, डिमरच्या शेजारी. ऑर्गनवाल्या दादांनी स्वर दिला आणि माझ्याकडे पाहून बोट वर केलं, म्हणजे लाव. गिटार लावलेलीच होती. मी जाड तारेवर तिसरा पडदा धरला. ९८चा ‘जी’ एकटाच वाजला आणि सरळ विरत गेला. मधला पिकअप एकटा लावला की अजून गुणगुणतो. तो मी ढोलकीच्या गाण्यांना ठेवला आहे. बाप-लेकीच्या प्रवेशाला बटण ब्रिजकडेच असतं.