चारशेचा माल

लेबलवरच्या पार्ट नंबरची सुरुवात होती 'वायकेएल' आणि पडद्यावर उमटत होतं 'भखथ'. चाकणमधल्या एका छोट्या पुरवठादाराची डिस्पॅचची गाडी तेवढ्यापायी गेटवर उभी राहिली. स्कॅनर बदलला, तरी भखथ. कीबोर्ड बदलला, तरी भखथ. शेवटी भोसरीहून कॉम्प्युटरवाला आला, त्याने विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला आणि गाडी सुटली. तिथल्या सुपरवायझरने हे मला हसत हसत सांगितलं. मला मात्र त्या स्पेसबारवाल्याला भेटायचं होतं.

भेटला तो गुरुवारी. इथल्या एमआयडीसीची सुट्टी गुरुवारी, त्यामुळे कारखाने बंद आणि याचं टेबल भरलेलं. मूळचा लातूरकडचा, आयटीआयमधून कॉम्प्युटरचा 'कोपा' कोर्स केलेला. भोसरीतल्या गाळ्यात बसतो आणि तळवडे, कुरुळी, चाकणच्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. भखथचं विचारलं तर म्हणाला, "स्कॅनर बरोबरच सांगत होता साहेब. ऐकणारा मराठी झाला होता."

झालं होतं ते असं. बारकोड स्कॅनर हा कॉम्प्युटरच्या लेखी दुसरा कीबोर्डच. तो अक्षर पाठवत नाही, कुठलं बटण दाबलं एवढंच कळवतो. त्याचं अक्षर करणं विंडोजकडे. त्याच मशीनवर सकाळी कुणीतरी सुट्टीची नोटीस मराठीत टाइप केली आणि भाषा तशीच राहिली. मराठी कीबोर्डच्या इन्स्क्रिप्ट मांडणीत शिफ्टबरोबर वाय म्हणजे भ, के म्हणजे ख, एल म्हणजे थ. स्कॅनर बदलून हे सुटणार नव्हतं, कीबोर्ड बदलून तर नाहीच.

पण बदलतात सगळे. वायरचा साधा कीबोर्ड चारशे रुपयांना येतो. "चारशेचा माल, त्यात काय बघायचंय?" असं स्टोअरवाला म्हणतो, अकाउंटवाला म्हणतो आणि मालकही म्हणतो. बघायला याच्याशिवाय कुणाला वेळ नाही.

त्याची एक सवय माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. आलेला कीबोर्ड तो आधी उलटा करतो, टेबलावर आपटतो आणि वायर जोडण्याआधी नाकाशी नेतो. मशीन शॉपमधल्या कीबोर्डला शिळ्या कूलंटचा आंबूस वास येतो. सिक्युरिटी केबिनमधल्याला चहाचा. फाउंड्रीतल्याला वास नसतो, पण त्याचं काळं बोटांना लागतं. वास घेतला की निम्मं काम झालं, असं त्याचं म्हणणं. मला आधी ही शायनिंग वाटली. मग त्याने कूलंटच्या वासाचा एक कीबोर्ड माझ्यासमोर उघडला. आत रबराच्या टोप्यांची चादर, तिच्याखाली प्लास्टिकचे तीन पापुद्रे. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर छापलेल्या वाहक रेघा, मधल्याला नुसती भोकं. बटण दाबलं की भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते, एवढाच सगळा कारभार. या कीबोर्डच्या पापुद्र्यांमध्ये तेल शिरून एकाच जागी पिवळट डाग पडला होता. तेवढं एक बटण मेलेलं.

"एक बटण गेलं तर घाण. लांबलांबची चार-पाच एकदम गेली तर रेघ तुटली." प्रत्येक बटणाला वेगळी वायर नसते, आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि आतली चिप ती सतत तपासत राहते. एक रेघ तुटली की तिच्यावरची सगळी बटणं जातात, मग ती कीबोर्डवर कुठे का असेनात. एक बटण दाबून दोन-तीन अक्षरं उमटली तर उलटा प्रकार, दोन रेघा कुठेतरी चिकटल्यात. आणि सगळाच कीबोर्ड अधूनमधून जात-येत असेल, तर वायर जिथे आत शिरते तिथे ती वाकवून बघायची. मल्टिमीटरचा बजर तुटक वाजला की समजायचं.

माऊसचा रोग बहुतेक वेळा एकच. एकदा क्लिक केलं की दोनदा लागतं. डाव्या बटणाखालच्या इवल्याशा स्विचमध्ये तांब्याची पातळ पट्टी असते. तिचा ताण जातो, टोकावर गंज चढतो, मग ती टेकताना थरथरते आणि कॉम्प्युटरला एकाऐवजी दोन टिचक्या ऐकू येतात. घरी फार तर फोल्डर दोनदा उघडेल. स्टोअरमध्ये एकाच मालाची आवक दोनदा चढते आणि महिनाअखेरीला शिव्या बसतात त्या एन्ट्री करणाऱ्या मुलीला. अशा एका मुलीने घाबरत घाबरत माऊस आणून दिला होता. त्याने स्विचचे तीन पाय सोडवले, नवा स्विच बसवला आणि तिच्या साहेबांना फोन केला, "मॅडमची चूक नव्हती, माऊसची होती." हा फोन कुठल्याच बिलात येत नाही.

बाकी बरेच बिघाड टेबलापर्यंत पोचायचीही गरज नसते. वायरलेस माऊस अडखळत चालतो, कारण त्याचं रिसीव्हर यूएसबी तीनच्या पोर्टला, चालू हार्ड डिस्कच्या शेजारी लावलेलं असतं आणि तिथला गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या सिग्नलला दाबतो; छोटी एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर लांब नेलं की झालं. कर्सर उड्या मारतो, कारण माऊसखालच्या भोकात केस अडकलाय किंवा टेबलावर काच आहे. आणि 'मेलेला' कीबोर्ड? जाडजूड रजिस्टर उजव्या शिफ्टवर टेकलेलं. आठ सेकंद शिफ्ट दाबून राहिलं की विंडोज फिल्टर कीजचं विचारतं, घाईत कुणीतरी एन्टर मारतं आणि मग बटण दाबून धरल्याशिवाय अक्षर उमटतच नाही. असे कीबोर्ड थेट भंगारात जातात. चारशेचा माल!

पूर्वी हे भंगार कुदळवाडीला जायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली भंगाराची गोदामं, दुकानं पाडली, तेव्हापासून त्याच्या गाळ्याच्या पोटमाळ्यावर कीबोर्डची थप्पी वाढतेय. त्यातला एक मी सहज उचलला आणि जोडून पाहिला. सगळी बटणं चालत होती.

"हा चांगला आहे की!"

"चांगलाच आहे. तोच तो, भखथवाला."

त्या दिवशी त्याने व्हिजिटचं बिल दिलं, तर परचेसने विचारलं, काय बदललं? काही नाही. मग पैसे कशाचे? बिल परत आलं. पुढच्या फेरीला तो बॅगेत नवा कीबोर्ड घेऊनच गेला. बिघाड पुन्हा सेटिंगमध्येच होता, तो दोन मिनिटांत काढला, वर नवा कीबोर्ड लावला आणि धडधाकट जुना उचलून आणला. चारशेचं बिल एका दिवसात पास झालं.

हे काही बरोबर नाही, असं मी म्हणालो.

"नाहीच," तो म्हणाला. "तुम्ही लेख लिहिताय ना, त्यात परचेसवाल्यांना सांगा, 'काही बदललं नाही' असं लिहिलेलं बिलही पास करत जा म्हणावं. मोशीच्या ट्रॅफिकमधून गाडी काढत जातो मी तिथे, निदान पेट्रोलपुरतं तरी."