रजा साठवणारे आणि रजा घेणारे

ऑफिसात रजेचा विषय निघाला की वाद ठरलेला. ज्येष्ठ म्हणतात, आजच्या मुलांना कामाची आच नाही. तरुण म्हणतात, तुम्ही घरदार विसरून राबलात, आम्हाला तसं जगायचं नाही. या वादात दोन्ही पिढ्यांवर अन्याय होतो, कारण रजेचे नियम कुणी उघडून बघत नाही. काही समज तपासून पाहू.

गैरसमज : आधीच्या पिढ्या रजाच घेत नसत.

वस्तुस्थिती : घेत, आणि चांगली लांबलचक घेत. गिरणगावातला कोकणी कामगार शिमग्याला, गणपतीला गावी जाई; देशावरचा पेरणीला, सुगीला. ही ये-जा इतकी मोठी होती की १९३१ साली ब्रिटिश सरकारच्या कामगारविषयक रॉयल कमिशनला तिची दखल घ्यावी लागली. कामगाराचं गावाशी असलेलं नातं तोडू नये, त्याला ठरावीक मुदतीची रजा द्यावी आणि परतल्यावर काम मिळेल असा दिलासा द्यावा, असा त्या आयोगाचा कल होता. फरक होता तो कारणात. शेत, लग्न, बाळंतपण, देवकार्य यांसाठी रजा मागता येई. स्वतःला विसावा हवा म्हणून मागायची रीत नव्हती.

गैरसमज : जुन्या लोकांनी रजा साठवल्या, कारण त्यांची कामावर निष्ठा जास्त होती.

वस्तुस्थिती : निष्ठा होतीच, पण हिशेबही होता. सरकारी कर्मचाऱ्याच्या सेवापुस्तकातलं रजेच्या हिशेबाचं पान पाहा. १ जानेवारीला १५ दिवस जमा, १ जुलैला आणखी १५. घेतलेले दिवस वजा करत शिल्लक पुढे ओढायची, ती ३०० दिवसांपर्यंत. निवृत्त होताना या शिल्लक अर्जित रजेचं रोखीकरण होतं. ३०० दिवस म्हणजे मूळ पगार आणि महागाई भत्ता धरून दहा महिन्यांचं वेतन. एका पगारावर चालणाऱ्या घरात ही रक्कम म्हणजे मुलीचं लग्न किंवा घराचं उरलेलं कर्ज. अशा माणसाने रजा जपून वापरली, यात नवल नाही.

खासगी नोकरीतल्या तरुणापुढचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार वर्षाच्या आठ किरकोळ रजा (सीएल) वर्ष संपताच बुडतात आणि हक्काची रजा ४५ दिवसांपर्यंतच साठते. शिवाय एकाच कंपनीत तीस वर्षं काढण्याची खात्री ना त्याला, ना कंपनीला. बुडणारी रजा वेळेत वापरणं हाही व्यवहारच.

आणखी एक गोष्ट या हिशेबात दिसत नाही. अनेक घरांत वडिलांची रजा शिल्लक राहिली, कारण मुलाचा ताप, सासऱ्यांचा दवाखाना, शाळेतली पालकसभा हे सगळं आई घरी राहून निभावत होती. ज्या बायका तेव्हा शाळेत, बँकेत, रुग्णालयात नोकरी करत होत्या, त्यांच्या रजा याच कामांत संपल्या. आज दोघंही कमावतात, तेव्हा मूल आजारी पडलं की दोघांपैकी कुणाला तरी रजा टाकावीच लागते.

गैरसमज : पगारी सुटी ही मालकाची मेहरबानी आहे.

वस्तुस्थिती : ती आपल्या आजोबा-पणजोबांनी भांडून मिळवली आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं, अनेक वर्षं मागणी लावून धरली, आणि १८९० साली गिरण्यांत रविवारची सुटी मान्य झाली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्या प्रौढ कामगाराला दर २० दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. २०१७ च्या राज्य कायद्यातही हेच प्रमाण आहे. व्यवस्थापकीय पदांवरच्या लोकांना मात्र तो लागू होत नाही.

गैरसमज : जास्त तास म्हणजे जास्त काम.

वस्तुस्थिती : २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी आठवड्याला ७० तासांचा आग्रह धरला आणि ही चर्चा घरोघरी पोचली. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थशास्त्रज्ञ जॉन पेनकॅव्हेल यांनी तपासल्या, तेव्हा आठवड्याला सुमारे ५० तासांनंतर तासागणिक उत्पादन घसरत गेल्याचं दिसलं. ७० तास राबणाऱ्यांचं काम ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं जास्त भरत नव्हतं. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासात ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ३५ टक्के अधिक आढळला. शरीर वय आणि पिढी बघून सूट देत नाही.

म्हणून रजेचं आधी ठरवा. वर्षाच्या सुरुवातीलाच आपल्या खात्यावर किती रजा आहे ते पाहा आणि अर्ज लेखी करा. २०१७ च्या कायद्यात पंधरा दिवस आधी मागितलेली, शिल्लक असलेली रजा नाकारली गेली, तर ४५ दिवसांच्या वरच्या रजेचे पैसे मागण्याचा हक्क आहे. आणि पहिलं पाऊल ज्येष्ठांनी उचलावं. पन्नाशीतल्या साहेबांनी आठवडाभराची रजा सांगूनसवरून घेतली आणि त्या दिवसांत फोन बंद ठेवला, तर नुकत्याच रुजू झालेल्या मुलीला रजेच्या अर्जावर खोटं आजारपण लिहायची वेळ येणार नाही.